पाहुणा बैलाच्या मागच्या पायात

मी राजे भाड्यानं देतो. प्रधान, सेनापती, साधू, सावकार, फौजदार हेही मिळतात. राणी हवी असेल तर लुगडं, अंबाडा आणि कानातले डूल माझे. आतला पैलवान ज्याचा त्यानं आणायचा. कळंबला आडत बाजाराच्या मागं माझी एक लांबट खोली आहे. तिच्यावर पाटी नाही. दारात दोरीवर वाळत घातलेल्या दाढ्या बघून गिऱ्हाईक आपोआप आत येतं.

ह्या धंद्याला आमच्याकडं ड्रेपरी म्हणतात. जत्रेत गावची मंडळी हौसेनं नाटक करतात, त्यांना कपडे, टोप, मिशा, तलवारी आणि रंगवलेले पडदे पुरवायचे. पण गावाला नुसते कपडे देऊन भागत नाही. कपड्यात शिरलेल्या माणसानं उभं कुठं राहायचं, वळायचं कधी आणि मेल्यावर खाजवायचं नाही, हे सांगायला कुणीतरी लागतं. म्हणून मी नाटक बसवूनही देऊ लागलो आणि पुढं पुढं लिहूनही. तेव्हापासून मला सगळे मास्तर म्हणतात. माझ्या खऱ्या मास्तरांनी हे ऐकलं असतं तर त्यांनी शाळा सोडली असती.

आता पंचेचाळिशी ओलांडली. गावोगाव व्हिडिओ आला आहे. पंचायतीसमोर टीव्ही मांडतात आणि सारं गाव एका पेटीकडं तोंड करून बसतं. परवा मी त्या व्हिडिओवाल्याला विचारलं, "काय रे, ह्या कॅसेटमधला दरोडेखोर त्या कॅसेटमध्ये जातो का कधी?" तो म्हणाला, "न्हाय मास्तर, तसं सेटिंग न्हाय." मला त्याची दया आली. आमच्याकडं तसं सेटिंग होतं. त्याचीच ही हकिगत.

धंद्यातलं गुपित असं, की माझ्याकडं प्रत्येक वस्तू एकेकच होती. दरबाराचा पडदा एक, जंगलाचा एक, रस्त्याचा एक. सिंहासनही एकच. येरमाळ्याच्या बाजूला त्यावर राजा बसला, की पुढच्या आठवड्यात बेंबळीकडं त्याच सिंहासनावर चादर टाकून सावकार बसवायचा. एका गावची साधूची दाढी दुसऱ्या गावात हकिमाला लागायची. गावं लांब, लोक आपल्याच जत्रेला जाणारे, त्यामुळं कुणाला पत्ता लागत नसे.

पत्ता लावला पारूआत्यानं. ही थोरल्या वाडीची. थोरली वाडी आणि धाकटी वाडी ही दोन गावं, मध्ये एक ओढा. पारूआत्याचं घर थोरल्या वाडीत बुद्धविहाराच्या मागं. तिच्या माहेरचे, सासरचे, पोरींच्या सासरचे, असे जिकडंतिकडं नातेवाईक, आणि जिथं नाटक तिथं पारूआत्या हजर. त्या साली थोरल्या वाडीत राजाचं नाटक चाललं होतं. राणी सज्जात बसली होती आणि शोभेसाठी मी तिच्या बाजूला एक कापडी पोपट टांगला होता. पारूआत्या भर खेळात उभी राहिली.

"आगं माय! ह्यो तर बेंबळीच्या जोतिषाचा पोपट! राणीकडं कसा आला गं?"

तिचं खरं होतं. आठ दिवसांपूर्वी तोच पोपट बेंबळीच्या नाटकात भविष्य सांगत होता. मी पडद्यामागं डोक्याला हात लावला. पण आमची राणी म्हणजे तालमीतला गडी. तिनं मान वेळावली आणि बायकी आवाजात म्हणाली, "माहेराहून आणलाय आत्या. लई बोलतोय म्हणून राजेसाहेब बेजार हायत."

मांडव हलला. राजाच्या तलवारबाजीला मिळाली नव्हती एवढी दाद त्या पोपटाला मिळाली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लपवून लपत नसेल, तर मुद्दाम लपवावं आणि लोकांना शोधायला लावावं!

तेव्हापासून मी प्रत्येक नाटकात दुसऱ्या एखाद्या नाटकातलं माणूस गुपचूप सोडू लागलो. त्याला आम्ही पाहुणा म्हणायचो. दरबारात फिर्यादी उभे असत, त्यात एक जण वेगळा. बाजाराच्या प्रवेशात मागून कुणी चालत जाई, बस्स. त्या गावच्या कथेशी त्याचा काडीचा संबंध नसे. ज्यांनी ते दुसरं नाटक पाहिलं नव्हतं त्यांना तो नुसता वाटसरू. ज्यांनी पाहिलं होतं ते मात्र शेजाऱ्याला कोपरानं ढोसायचे. ओळखणाऱ्यानं ओरडायचं नाही, पडदा पडल्यावर येऊन माझ्या कानात सांगायचं आणि नारळ घेऊन जायचं, असा नियम होता. पारूआत्यानं तो एकदाही पाळला नाही. नारळ मात्र सगळे नेले.

माझा सगळ्यांत आवडता पाहुणा एक गुरुजी होता. भीमजयंतीला विहारासमोर आमची कपड्यांची पेटी जायची, तिथल्या नाटकात हा गुरुजी होता. काळा कोट, गोल चष्मा, काखेत पुस्तक, आणि येईल त्याला विचारणार, "पोरीला शाळेत घातलं का?" पुढच्या जत्रेत मी त्याला थेट राजाच्या दरबारातून चालवत नेला. बोलायचं नव्हतं, पण गुरुजीला राहवेना. सिंहासनापाशी थांबला, चष्मा वर केला आणि म्हणाला, "महाराज, पोरीला शाळेत घातलं का?"

राजाला संवाद सापडेना. तो खरोखरच घरी दोन पोरी असलेला बागाईतदार होता. घाम पुसत म्हणाला, "घालतो गुरुजी. जून लागू द्या."

घातल्या की! थोरली आता कळंबला नर्स आहे.

मग तो बहात्तरचा दुष्काळ आला. पाझर तलावाच्या कामावर दहा गावची माणसं एका मातीत उतरली. दगड फोडायचा, माती वाहायची, दुपारी सरकारनं वाटलेली सुकडी खायची आणि बाभळीच्या फाटक्या सावलीत बसायचं. जत्रा त्या साली नावापुरत्या झाल्या, पण बोलायला नाटकंच होती. आमच्या गावात हा पाहुणा होता, तुमच्यात कोण होता? अरे, तो म्हातारा भिकारी आमचाच की! डोक्यावर पाटी घेतलेल्या बाया चालता चालता माझी सगळी गुपितं जुळवत होत्या. मीही तिथं माती वाहत होतो. राजांना त्या साली मागणी नव्हती. आपलंच काम आपल्याभोवती इतक्या तोंडांनी फिरताना ऐकलं आणि पाटीचं ओझं हलकं वाटलं.

दुष्काळ सरला तसं पाहुण्याचं वेड जिल्हाभर पसरलं. लोक बैलगाड्या जुंपून परगावचं नाटक बघायला जाऊ लागले, का तर आपला पाहुणा ओळखता यावा. आणि त्यातूनच ती भानगड झाली.

एका गावच्या नाटकात एक दरोडेखोर होता. शिंपीकाम करणारा अगदी मऊ माणूस, पण मिशी लावली की मांडवातली पोरं आईच्या कुशीत शिरत. शेवटी तो फौजदाराच्या हातावर तुरी देऊन पळून जायचा, तसं मी लिहिलंच होतं. ह्याला मी दुसऱ्या गावच्या लग्नाच्या प्रवेशात पाहुणा म्हणून सोडला. अक्षता टाकून निघून जायचं, एवढंच. पण त्या नाटकात नवरदेवच फौजदार होता, आणि त्या नटानं पहिलं नाटक पाहिलेलं. त्यानं बोहल्यावरून झेप घेतली आणि दरोडेखोराचा गळा धरला.

"लेका, तिकडं सुटलास. हितं न्हाय सोडत!"

लोक उभे राहून टाळ्या पिटायला लागले. दरोडेखोराला दोरीनं बांधून नेला. लग्न राहिलं बाजूला. बरं, ते तिथंच संपावं ना! शिंप्याच्या स्वतःच्या गावात पुन्हा नाटक ठेवलं, तर हा घरी मशीनवर बसून पायजमा शिवतोय.

"चला, रंग लावायची वेळ झाली," मी म्हणालो.

"कसा येऊ मास्तर? त्यांनी पकडलंय की मला. समद्यांनी बघितलंय. आता जेलातला माणूस हितं दरोडा घालतोय म्हणल्यावर लोक काय म्हणतील?"

"अरे, ते नाटक वेगळं!"

"माणूस तर त्योच हाय न्हवं?"

शेवटी ओसरीवर बसून मी तुरुंग फोडण्याचा एक प्रवेश लिहिला, तेव्हा कुठं तो उठला. पण त्यानंतर पाच-सहा गावची जाणती माणसं येरमाळ्याला येडेश्वरीच्या जत्रेत भेटली आणि त्यांनी मिळून ठरवून टाकलं: पाहुण्याला कुणी अडवायचं नाही, मारायचं नाही, धरायचं नाही. तो आपल्या पायानं रंगमंच सोडून जाईपर्यंत तो त्या गावचा पाहुणा. कुणी कागदावर लिहिलं नाही, पण देवळासमोर बोललेली गोष्ट होती. लोक ती पाळायचे.

आता मूळ गोष्टीवर येतो, कारण इथवरचं सगळं तिच्यासाठी सांगितलं.

थोरल्या वाडीचा भानुदास आणि धाकट्या वाडीचा किसन. भानुदास पिठाची गिरणी चालवायचा, उंच, वाळका, भुवयांवर कायम पीठ. किसन शेरडं राखायचा, बुटका, गोल, चेहरा नुकत्याच उठलेल्या बाळासारखा. माझ्या एका नाटकात भानुदास फौजदार आणि किसन हवालदार. फौजदारानं काही विचारायच्या आत हवालदार उत्तर द्यायचा, "न्हाय दिसला, साहेब!" आणि मग सलाम ठोकायचा. तो सलाम हाताचा नव्हता. उजवी टाच मागं उडवायची, ती पुढं आणून आपटायची, त्यात तोल जायचा, आणि पडता पडता फौजदाराच्या पोटाला मिठी मारून उभं राहायचं. एवढ्यावर माणसं डोळे पुसायची. कुठलंही नाटक असो, दोन्ही वाड्या मिळून ते करायच्या आणि ही जोडी त्यात असायची.

मग सोसायटीचं झालं. दोन्ही वाड्यांची मिळून एक सहकारी सोसायटी होती, तिला गोदाम मंजूर झालं. ओढ्याच्या अलीकडं बांधायचं की पलीकडं, ह्यावर बैठक बसली. उठली तेव्हा सोसायट्या दोन झाल्या होत्या आणि गोदाम एकही नव्हतं. थोरल्या वाडीच्या चेअरमनला सगळे आबा म्हणत. भला माणूस, पण ताठ. त्यांनी सांगून टाकलं की आपलं नाटक आपण करू, तिकडचं कुणी नको. धाकट्या वाडीनंही तेच ठरवलं. ओढ्यात त्या साली पाणी नव्हतं, पाय भिजायची भीती नव्हती, तरी कुणी ओलांडेना.

भानुदासला नवा जोडीदार दिला. पोरगा बरा होता, पाठांतर चोख. तालमीत भानुदासनं आपली वाक्यं म्हटली, त्यानं त्याची म्हटली. कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी दोघं-तिघं हसले, तेही भानुदासकडं बघून, आजाऱ्याकडं बघून हसतात तसं. मी गिरणीवर गेलो तर त्यानं पट्टा बंद केला आणि पोत्यावर बसला.

"मास्तर, औंदा शेवटचं. ह्याच्या म्होरं मला इचारू नका."

"कामून रे?"

"म्या इनोदी न्हाईच मुळी. किसन्या इनोदी. म्या नुसता त्याला धरायला उभा ऱ्हायचो. इतकी सालं मला वाटलं लोक दोघांना हसत्यात." मग भुवयांवरचं पीठ झटकून म्हणाला, "त्याला सांगू नका म्या असं म्हणलो म्हणून. लई चढंल."

विसेक वर्षं ज्याला बघून जिल्हा हसला, तो माणूस पोत्यावर बसून स्वतःला निकालात काढत होता. मला हे सहन होण्यासारखं नव्हतं. आणि खरं सांगायचं, तर मला दुसरा भानुदासही मिळण्यासारखा नव्हता.

बाजारच्या दिवशी किसन कळंबला शेळी विकायला आला. मी त्याला खोलीत ओढून घेतला आणि दार लावलं.

"थोरल्या वाडीत पाहुणा म्हणून येतोस का?"

"हाणतील मला."

"ओळखू आला तर हाणतील. तोंड झाकलेलं असेल."

"दाढी लावणार? माझी उंचीच वळखत्यात लोक."

"दाढी नाही. बैल."

त्या सालच्या नाटकात एक शेतकरी बाजारातून बैल आणतो, असा प्रवेश होता. शेतकरी भानुदास. बैल कामट्यांचा सांगाडा करून त्यावर पोती शिवून केलेला, आत दोन माणसं. पुढच्या पायांत ज्ञानोबा, आमच्या आडतीतला हमाल, जो दिवसभरात चार शब्द बोलला तर लोक तब्येत विचारायचे. मागचे पाय रिकामे होते.

किसननं बैलाचं मागचं पोतं उचलून आत डोकावलं.

"मास्तर, येवढी सालं काम केलं तुमच्याकडं. त्याची ही बढती व्हय?"

"नको असेल तर राहू दे."

"न्हाय कुठं म्हणलो? भान्याला म्हाईत हाय का?"

"नाही."

"मग सांगू नका." त्याचा चेहरा एकदम उजळला. "दोरी त्याच्याच हातात आसंल न्हवं?"

थोरल्या वाडीची नाटकं एरवी गॅसबत्तीत व्हायची. पण त्या महिन्यात रेशनला रॉकेल आलंच नव्हतं, म्हणून आबांनी ठरवलं, नाटक दुपारी. गॅसबत्तीत सगळं खपून जातं. उन्हात माझा दरबार फाटका दिसतो, राणीची दाढी दिसते, आणि बैलाचं तर विचारूच नका. तो मी सोसायटीच्या खताच्या पोत्यांचा शिवला होता. वरून गेरू आणि चुना फासलेला, पण ऊन आरपार आल्यावर आतली अक्षरं बाहेर दिसायला लागली. किसनला गाडीत पडद्यांच्या गुंडाळ्यांखाली घालून मी गावात आणला, मांडवामागं बैलात शिरवला, आणि येडेश्वरीचं नाव घेतलं.

भानुदास दोरी धरून बैल घेऊन आला. पुढच्या रांगेतली पोरं लगेच वाचायला लागली, "यु-रि-या!" एक हशा पिकला. भानुदास त्यानंही खुलला नाही. शिकवल्यासारखा उभा राहिला, शिकवल्यासारखा हात केला आणि मालकिणीला म्हणाला, "बघ कारभारणी, कसा देखणा बैल आणलाय." आवाज गिरणीतून बाहेर पडणाऱ्या पिठासारखा, सपाट. "ह्याचं कपाळ बघ, ह्याची शिंगं बघ, ह्याचे पाय बघ."

"पाय बघ" म्हणताच बैलाची उजवी मागची टाच मागं उडाली. पुढं आली. आपटली. सगळा बैल डावीकडं कलला आणि पडता पडता मागच्या बाजूनं भानुदासच्या पोटाला येऊन टेकला.

मी झटकन पारूआत्याकडं पाहिलं. तिनं ओळखलं होतं. जिनं जन्मात एकदाही तोंड आवरलं नव्हतं, ती पदराचा बोळा तोंडात कोंबून बसली होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. किसनला मार बसू नये म्हणून पारूआत्या गप्प बसली! त्या दिवसाचा नारळ मी मनातल्या मनात तिलाच दिला.

भानुदासचे दोन्ही हात बैलाच्या पाठीवर होते. पुढचं वाक्य त्याला आठवेना, की आठवून बोलवेना, कोण जाणे. मालकिणीचं काम करणाऱ्यानं त्याला दोनदा खूण केली. तो ऐकत नव्हता. हळूच वाकला, बैलाच्या शेपटीपाशी तोंड नेलं आणि फौजदाराच्या त्या जुन्या भारी आवाजात म्हणाला,

"हवालदार..."

"न्हाय दिसला, साहेब!" बैल मागच्या बाजूनं ओरडला.

असा हशा मी आयुष्यात पुन्हा ऐकला नाही. मांडवाचा एक बांबू निसटला. लोक एकमेकांच्या अंगावर पडत होते. पण तो हशा ओसरला तसा मागून एक आवाज आला, "आरं, किसन्या हाय त्यो! धाकट्या वाडीचा!" चार-पाच पोरं उठली. "भाईर काढा त्याला!"

सगळ्यांच्या माना आबांकडं वळल्या. आबा पहिल्या रांगेत लोखंडी खुर्चीवर बसले होते. ते उठले आणि धोतराचा सोगा सावरला. त्यांनी बैलाकडं पाहिलं. बैल थरथरत होता, पुढून आणि मागून वेगवेगळा. मग माझ्याकडं पाहिलं.

"मास्तर, ह्यो पाहुणा हाय का?"

"होय आबा."

आबा पोरांकडं वळले. "बसा खाली. देवीसमोर शबूद दिल्याला हाय. आपल्या पायानं जाईस्तोवर पाहुण्याला हात लावायचा न्हाय." मग बसता बसता म्हणाले, "गेल्यावर बगू."

ते "गेल्यावर बगू" भानुदासनं नीट ऐकलं. आणि मग ह्या माणसानं, ज्याला आपण विनोदी नाही असं वाटत होतं, जे केलं ते मला लिहून सुचलं नसतं. त्यानं बैलाला जाऊच दिलं नाही.

प्रवेश संपला, बैल तिथंच. पडदा बदलला, जंगल आलं, जंगलात बैल. सावकाराच्या पेढीवर बैल. सावकार म्हणाला, "ह्याला आत कशाला आणलं?" भानुदास म्हणाला, "साक्षीदार हाय." लग्न लागलं तेव्हा अंतरपाटापलीकडून बैल "न्हाय दिसली, साहेब!" म्हणाला आणि नवरीला हसू आवरेना. मध्येच दोघांनी फौजदार-हवालदाराचं सगळं नाटक बैलाच्या दोन टोकांना उभं राहून करून टाकलं. ज्ञानोबा पुढच्या पायांत मुकाट उभा होता, नंतर म्हणे हसून हसून त्याच्या बरगडीत उसण भरली. माझं लिहिलेलं नाटक केव्हाच मोडीत निघालं होतं आणि मी पडद्यामागं नाचत होतो.

हशा ओढ्यापलीकडं जात होता. ऊन कलायला लागलं तसं मी पाहिलं, तर पलीकडच्या काठावर माणसं उभी. आधी पोरं, मग बाया, मग गडी. कुणीतरी ओरडलं, "आमच्या किसन्याला सोडा!" पारूआत्या उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून ओरडली, "आम्ही कुठं धरलंय? भान्याच सोडंना! या की, तुमीच न्या!"

न्यायला म्हणून ते आले, कोरडा ओढा ओलांडून, आणि न्यायचं विसरून मांडवाच्या कडेला बसले. कुणी त्यांना या म्हटलं नाही, तसंच कुणी उठा म्हटलं नाही. थोडं सरकून जागा मात्र झाली.

शेवटी बैलच खचला. मागचे पाय मटकन खाली बसले आणि आतून क्षीण आवाज आला, "भान्या, मरतो रं. पाणी दे."

आबा पुन्हा उठले. ह्या वेळी त्यांचे स्वतःचे गाल हसून दुखत होते आणि ते दोन्ही हातांनी चोळत होते. तांब्या घेऊन ते वर आले आणि रीतीप्रमाणं बैलाच्या तोंडाला लावला. ज्ञानोबानं गटागटा पिऊन टाकला.

"चेअरमन," मागून आवाज आला, "पाणी हिकडं मागितलंय!"

आबांनी दुसरा तांब्या मागवला, खताची पोती आपल्या हातानं उचकटली आणि आत पाणी धरलं. किसनचं डोकं बाहेर आलं, लालबुंद, केसांना गेरू. आबा बघत राहिले. "गेल्यावर बगू" म्हणाले होते, पण बघायचं होतं ते आता बघून झालं होतं. "सावकाश पी," एवढंच म्हणाले.

गोदामाचा वाद त्यानं मिटला, असं मी म्हणणार नाही. तो अजून चालू आहे, आणि आता दोन्ही काठांवर एकेक अर्धवट जोतं उभं आहे. नाटक मात्र पुढच्या वर्षी दोन्ही वाड्यांचं मिळून झालं आणि पुढंही होत राहिलं.

त्या दिवशी मात्र किसनला चालता येईना. तासन्‌तास वाकून दोन्ही पाय मेले होते. भानुदासनं कुणाला विचारलं नाही. त्याला पाठीवर घेतलं आणि ओढ्याकडं चालू लागला. उंच माणसाच्या पाठीवर तो गोल माणूस, दोघेही गेरूनं माखलेले. मी पडदे गुंडाळत होतो, तरी त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, कारण ते भांडत होते.

"सलाम लवकर मारलास."

"म्या लवकर? तू वाक्य गिळलंस!"

"म्या थांबलो होतो. तिथं थांबायचं आसतं, येड्या."

"इतकी सालं कदी थांबला न्हाईस ती!"

"इतकी सालं तुज्यामुळं थांबता आलं न्हाय. म्हणून तर हासायचे."

"कुणाला हासायचे?"

"दोघांना," भानुदास म्हणाला. "गप बस. जड झालायस."